रिकाम्या पत्त्याचा मजला

१

नव्या लिफ्टला एक वास असतो. ग्रीसचा, कोऱ्या रबराचा आणि दारांवरून अजून न सोललेल्या निळ्या प्लास्टिकचा. तो नाकात गेला की मला आपोआप तरतरी येते. त्या सकाळी तर मी आधीच दोन मोठे कप कॉफी रिचवून आले होते, त्यामुळे माझे पाय जमिनीवर नव्हतेच.

आमची स्वतःची पहिली लिफ्ट होती ती! दादाने इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावाने लिफ्ट बसवल्या, मी दुसऱ्यांच्या नावाने प्रोग्रॅम लिहिले. एकदा जेवताना वहिनी वैतागून म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांनाच नोकरीवर का ठेवत नाही? निदान घरात तरी साहेबांची गाऱ्हाणी ऐकावी लागणार नाहीत." झालं, कंपनी निघाली. दादा यंत्र बसवणार, मी त्याला अक्कल देणार आणि वहिनी बोलणार. वहिनी शाळेत लहान मुलांना शिकवते. तिने नुसतं "तळमजला. दार उघडत आहे" म्हटलं तरी समोरचा माणूस रांगेत उभा राहतो.

इमारत दवाखान्याची होती आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर मंडळी ताबा घेणार होती. ताबा द्यायच्या आधी दादा स्वतः लिफ्टमध्ये बसून प्रत्येक मजल्यावर जातो, हा त्याचा नेम आहे. मी वर गच्चीवरच्या मशीन रूममध्ये. वहिनी खाली लॉबीत, टेबलावर आमचा डबा आणि हातात माझा मोबाइल. स्वतःच्या आवाजाचं शूटिंग करायचं म्हणून तिने तो सकाळीच ढापला होता.

मशीन रूम म्हणजे एक खोकं. मधोमध मोटर, भिंतीला कंट्रोल पॅनेल, कोपऱ्यात कुणीतरी टाकून दिलेली एक फिरती खुर्ची. ती इतकी करकरायची की दादा तिला "म्हातारे, बस खाली" म्हणायचा. एक लोखंडी दार, ते गच्चीवर उघडणारं. एक अरुंद खिडकी, तिच्यातून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर दिसायची. आणि जमिनीला भोकं, ज्यांतून लिफ्टचे दोर खाली जातात. त्या दोरांवर दादाने पिवळ्या रंगाच्या खुणा केल्या होत्या. कुठली खूण मोटरपाशी आली आहे ते पाहिलं की लिफ्ट कुठल्या मजल्यावर उभी आहे ते वर बसून समजतं.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये दोरावर खूण नव्हती. तिथे एक बुटका मजला आहे, फक्त पाइप आणि वायरींचा. लिफ्टला तिथे काही काम नाही. दारच नाही, सरळ काँक्रीटची भिंत. काम चालू असताना दादाने त्या भिंतीवर लाल खडूने मोठी फुली मारली होती आणि खाली लिहिलं होतं, 'इथे उतरू नये'. वाचणार कोण होतं? पण दादाला असले विनोद सुचतात.

"भिंगरी, आहेस का वर?" इंटरकॉममधून त्याचा आवाज आला. घरात मला याच नावाने ओळखतात. कारण विचारू नका, मला एका जागी बसवत नाही.

"आहे, आहे! चल सुरू कर."

पॅनेलवरचा हिरवा दिवा लागला. कॅबिनमध्ये माणसाचं वजन पडलं की तो लागतो. दादा आत होता.

२

लिफ्टला कुठे थांबायचं हे कळतं कसं? सांगते, फार मजेशीर आहे.

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक मजल्यासमोर एका फाइलचा पत्ता असतो. पाथ म्हणतो आम्ही. त्या पत्त्यावर वहिनीचा आवाज ठेवलेला असतो, त्या त्या मजल्याचा. मजला जवळ आला की प्रोग्रॅम विचारतो, या पत्त्यावर काही आहे का? 'आहे' असं उत्तर आलं की लिफ्ट थांबते, वहिनी बोलते, दार उघडतं. 'नाही' आलं की लिफ्ट पुढे निघून जाते. थांबायचं की नाही यासाठी वेगळी नोंद ठेवायला हवी होती, असं शहाणी माणसं सांगतील. पण जिथे वहिनी बोलत नाही तिथे लिफ्टने तरी का थांबावं, असा माझा हिशेब होता आणि त्या हिशेबावर मी भलतीच खूश होते.

पाइपच्या मजल्यासमोरचा पत्ता अर्थातच रिकामा. तिथे वहिनीने बोलून कुणाला सांगायचं?

आदल्या आठवड्यात मी प्रोग्रॅमची साफसफाई केली. ती मला सणकच असते. जुन्या पद्धतीने विचारलेला तो 'काही आहे का' हा प्रश्न दिसायला ओबडधोबड होता. तोच प्रश्न विचारायची एक नवी, देखणी पद्धत आली आहे. अर्थ एकच, अक्षरं कमी. मी जुना प्रश्न काढला, नवा घातला, मागे सरकून पाहिलं आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

वहिनी तेव्हा ताट वाढून बसली होती. "एवढं एक करून आले," असं मी नेहमीप्रमाणे म्हणाले. हे माझं घरातलं ठरलेलं वाक्य आहे. चूक सापडली की ती मिटवेपर्यंत मला घास उतरत नाही. दादाच्या लग्नाच्या फोटोंतही मी एका कोपऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली आहे.

३

"पहिला मजला. दार उघडत आहे," वहिनी लिफ्टमधून म्हणाली.

"वा!" दादा म्हणाला. "बायको मजल्यामजल्यावर बोलणार. माझं कसं व्हायचं?"

दुसरा मजला. तिसरा. मोटर लोण्यासारखी फिरत होती. मी आनंदाने उभी राहूनच दोरांकडे बघत होते. तिसरी पिवळी खूण सरकली, आणि चौथी यायच्या आत मोटर थांबली.

ब्रेक लागल्याचा 'खट' आवाज आला. दोरावर मोटरपाशी कुठलीच खूण नव्हती.

"काय गं, का थांबवलीस?"

"मी नाही थांबवली. आवाज काय आला?"

दादा हसायला लागला. "तुझी बहीण बोलतेय इथे. ती म्हातारी. स्पीकरमधून नुसती खुर्ची करकरतेय. कशाला गदागदा हलवतेयस एवढी?"

मी खुर्चीकडे पाहिलं. ती कोपऱ्यात होती. मी मोटरपाशी उभी होते.

"अरे, मी उभी आहे," मी म्हणाले आणि मलाही हसू आलं. इंटरकॉम चालू राहिला असेल, मोटरची काहीतरी करकर खाली पोचली असेल. पन्नास कारणं असतात. शिवाय मला त्या क्षणी प्रोग्रॅममधला दुसराच उंदीर दिसला होता आणि मी त्याच्या मागे लागले होते. दार उघडायच्या आत मी लिफ्ट चौथ्या मजल्यावर पाठवली, खुर्ची ओढली, लॅपटॉप उघडला आणि रिकामा पत्ता दोन्ही प्रश्नांना घालून पाहिला.

जुना प्रश्न म्हणाला, 'नाही.'

नवा म्हणाला, 'आहे.'

"सापडलं!" मी एवढ्या जोरात ओरडले की दादा म्हणाला, "कान गेला माझा."

"ऐक ना! जुन्याला रिकामा पत्ता दिला की तो सरळ 'नाही' म्हणतो. पत्ताच नाही तर काय असणार? पण नवा फार हुशार. त्याला रिकामं बघवत नाही. तो म्हणतो, ठिकाण सांगितलं नाही म्हणजे 'इथेच' म्हणायचं असेल. जिथून विचारतोयस तीच जागा. आणि 'इथे' तर नेहमी असतंच ना! म्हणून 'आहे'."

"म्हणजे टॅक्सीत बसून पत्ता सांगितलाच नाही, आणि ड्रायव्हर म्हणाला, 'आलं बघा तुमचं ठिकाण.'"

"बरोब्बर! दादा, तू प्रोग्रॅमर व्हायला हवं होतंस."

खरंच सांगते, इतका आनंद मला पगाराच्या दिवशीही होत नाही. चूक सापडणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. सगळं जग एका ओळीवर येऊन उभं राहतं, आणि ती ओळ आपल्या हातात असते.

४

आता आमच्या धंद्यातला एक नियम. चूक सापडली की लगेच दुरुस्त करायची नाही. आधी ती मुद्दाम परत घडवून दाखवायची. तशीच्या तशी घडली, तरच आपल्याला ती खरी कळली. दुरुस्ती त्यानंतर.

"दादा, परत एकदा तिसऱ्यावरून वर ये. या वेळी दार उघडू दे. भिंत दिसली की सांग."

"फुली दिसते का बघतो," तो म्हणाला. "पण मग जेवायचं. मला भूक लागलीय."

मी उठून दोरांपाशी गेले. तिसरी खूण गेली. 'खट'. बिनखुणेची जागा.

"आली बघ तुझी म्हातारी," दादा म्हणाला. "पण आता हळू करकरतेय. कुणीतरी नीट बसल्यासारखी."

मी नकळत मागे पाहिलं. खुर्ची लॅपटॉपपाशी होती, रिकामी.

मग इंटरकॉममध्ये दार सरकल्याचा आवाज आला.

"दादा? भिंत?"

"भिंत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे खोली आहे." तो हसला, पण अर्धवट. "मशीन रूम आहे ही. अगं, मोटर आहे, पॅनेल आहे. मी वर कसा आलो?"

माझा दादा कसा आहे ते सांगायला हवं. लहानपणी दाराआड लपून मला घाबरवण्यात त्याने अर्धं आयुष्य घालवलंय. मी मनात म्हटलं, चला, साहेबांची नौटंकी सुरू झाली. वर यायला लिफ्टला वाटच नाही. ती माझ्या पायाखाली कितीतरी खाली लटकतेय, आणि खोलीला दार एकच, लोखंडाचं.

"बरं, मग मी काय करतेय?" मी विचारलं.

"तू? बसलीयस. माझ्याकडे पाठ करून. टाइप करतेयस."

मी उभी होते. माझे हात माझ्या खिशात होते.

"आता मी कुठला हात वर केला?" मी हात वर करून विचारलं.

"कुठलाच नाही. नाटकं करू नकोस, दोन्ही हातांनी बडवतेयस की-बोर्ड."

नौटंकी करताना दादाचा आवाज थोडा चढतो. आता तो चढलेला नव्हता. मी गुडघ्यांवर बसले आणि जमिनीच्या भोकातून खाली पाहिलं. खाली अंधारात कॅबिनचं छत दिसत होतं. आणि कॅबिनच्या पुढच्या बाजूला, जिथे नुसतं काँक्रीट आहे, तिथून आडवा उजेड येत होता. खिडकीतून येतो तसा, दिवसाचा.

खोटं कशाला बोलू? भीतीच्या आधी मला आनंद झाला. पोटातून उसळलेला. हे खरंच घडतंय, 'इथे' म्हटलं आणि 'इथे' उघडलं, आणि ते माझ्या एका ओळीने केलं! मी लहान मुलीसारखी टाळी वाजवली.

टाळीचा आवाज इंटरकॉममधून मला ऐकू आला नाही. दादाला दिसणारी ती टाइपच करत होती.

५

आनंद कुठे संपला ते मला नेमकं आठवतं. पॅनेलवरचा हिरवा दिवा विझला तिथे.

दिवा विझला म्हणजे कॅबिन रिकामी. दादा बाहेर उतरला होता.

"दादा, आत जा! कॅबिनमध्ये जा परत!"

"अगं, समोर बसून इंटरकॉमवर काय ओरडतेयस?" त्याचा आवाज आता लांबून येत होता, कारण माइक कॅबिनमध्ये आहे. "आणि तोंड इकडे कर की जरा."

माझी बोटं लॅपटॉपकडे गेली. जुना प्रश्न परत घालायचा, एक ओळ, माझ्या हातचा मळ! मग रिकाम्या पत्त्याला 'नाही' उत्तर मिळेल आणि ती खोली... मी बोटं चटका बसल्यासारखी मागे घेतली. ती खोली 'नाही' झाली तर तिच्यात उभा असलेला दादा काय होईल? तिथे भिंत आहे. हातभर जाड काँक्रीट. आधी त्याला आत आणायला हवं, मग ओळ बदलायची. आधी तो, मग ओळ.

"दादा, ती मी नाहीये! ऐक माझं! मी उभी आहे, दोरांपाशी उभी आहे, ती मी नाही!"

तो ऐकत नव्हता. त्याच्या मते मी त्याच्याच समोर बसून त्याला बनवत होते, आणि लहानपणापासूनचा हिशेब चुकता करत होते. मला त्याची पावलं ऐकू आली. ती पावलं मी झोपेतही ओळखीन. आई-बाबा गेल्यावर याच माणसाने माझी वेणी घालून मला शाळेत सोडलंय. आता तो काय करणार हेही मला माहीत होतं. मी बसलेली असले की तो मागून येतो आणि डोक्यात टपली मारतो.

मी मान आत ओढून घेतली.

टपलीचा आवाज इंटरकॉममध्ये आला. माझ्या डोक्याला काही लागलं नाही.

"भिंगरे, चल. तुझी वहिनी डबा घेऊन बसलीय."

आणि उत्तर आलं. माझ्या आवाजात, माझ्याच घाईत.

"आले, आले. एवढं एक बघते."

माझ्या अंगावर काटा आला तो तिच्या आवाजाने नाही. तिच्या आवाजात काही वाकडं असतं तर मला हायसं वाटलं असतं. त्यात काहीच वाकडं नव्हतं. ती खुशीत होती. चूक सापडल्यावर मी जशी असते तशी.

"बघतेस काय, खाली बघ. घे तो लॅपटॉप आणि चल."

खुर्ची करकरली. दोन माणसांची पावलं कॅबिनकडे आली. हिरवा दिवा लागला.

"दादा!" मी माइकवर तोंड टेकवून किंचाळले. "दादा, मी इथे वर आहे!"

"इंटरकॉम खरखरतोय गं," दादा म्हणाला, आता अगदी जवळून. "उद्याच्या आत बघायला हवा."

"बघते ना," ती म्हणाली.

दार बंद झालं. मोटर फिरली, पिवळ्या खुणा एकामागून एक उलट्या सरकू लागल्या, आणि वहिनीचा स्वच्छ आवाज म्हणाला, "तिसरा मजला."

६

मी लोखंडी दाराकडे धावले. गच्चीवरून जिना उतरायचा, लॉबीत पोचायचं, दोघींनी समोरासमोर उभं राहायचं. दादाला सांगायचं, बघ, आता ओळख. मला खात्री होती की तो ओळखेल.

कडी काढली. दार ओढलं.

समोर गच्ची नव्हती. काँक्रीटची भिंत होती, दारापासून वीतभर अंतरावर, ओलसर, ओतकामाच्या फळ्यांच्या शिरा उमटलेली. तिच्यावर लाल खडूची मोठी फुली होती. फुलीच्या खाली दादाच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'इथे उतरू नये'.

मी बोट लावून पाहिलं. खडू बोटाला लागला.

मागे वळले तर खोली होती तशीच. मोटर, पॅनेल, खुर्ची. खिडकीतून समोरची गच्ची दिसत होती, ऊनही होतं. फक्त ती पांढरी चादर वाऱ्याने वर उडाली होती आणि खाली आली नव्हती. मी बराच वेळ थांबून पाहिलं. ती खाली येत नव्हती.

मग मला आपोआपच कळलं. रिकाम्या पत्त्यावर लिफ्ट पोचली तेव्हा एका खोलीच्या दोन झाल्या, किंवा ती कधीच एक नव्हती. दादाला दिसली ती वरची, खरी गच्चीवरची. मी आहे ती दुसरी, त्या रिकाम्या पत्त्यावरची. केव्हापासून, ते मला सांगता येणार नाही. मला तर वाटतं मी सकाळी जिना चढूनच आले होते. कॉफीची चव अजून तोंडात आहे.

७

"तळमजला. दार उघडत आहे."

लॉबीतले आवाज इंटरकॉममधून येऊ लागले. डब्याची झाकणं. वहिनी विचारत होती, "माझा आवाज चिरका नाही ना येत?" दादा म्हणाला, "लोक मुद्दाम वरखाली करतील तुझ्यासाठी." आणि मग माझ्या आवाजातली ती बोलायला लागली. भरभर, श्वास न घेता. "वहिनी, ऐक ना, काय गंमत सापडलीय! रिकामा पत्ता दिला की नवा प्रश्न म्हणतो 'इथेच'! आणि 'इथे' तर नेहमी असतंच ना!"

"आधी जेव," वहिनी म्हणाली.

"एवढं एक करून. दोन मिनिटं."

लॉबीच्या भिंतीत लॅपटॉप जोडायची एक सॉकेट आहे. ती मीच बसवून घेतली आहे, सारखं वर चढायला लागू नये म्हणून.

माझ्या पडद्यावर कर्सर हलला. मी हात लावला नव्हता. तो त्या ओळीपाशी गेला आणि देखणा नवा प्रश्न एकेक अक्षराने पुसला जाऊ लागला. मी झडप घातली, अक्षरं परत लिहिली. ती परत पुसली गेली. मी लिहायची, ती पुसायची, आणि खाली तिला काही अडचण होतेय असं तिच्या गुणगुणण्यावरून मुळीच वाटत नव्हतं. माझी बोटं तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. मग जुना, ओबडधोबड प्रश्न उमटायला लागला. पहिला शब्द. कंस. मला तिचा राग येत नव्हता, हे विचित्र आहे. चूक समजलीय, घडवून पाहिलीय, आता ती कशाला थांबेल? मी असते तर थांबले असते का? मी जन्मात कधी चूक तशीच ठेवून जेवायला बसलेली नाही.

ओळ पूर्ण झाली की प्रोग्रॅम नव्याने विचारणार होता, या पत्त्यावर काही आहे का? आणि या वेळी उत्तर वेगळं येणार होतं.

मी ओरडून पाहिलं. खरखर, दादा म्हणाला, अजून खरखरतोय. मी पॅनेल बडवलं, मोटरवर लाथा घातल्या. इथून त्यांच्यापर्यंत जाईल असं काय होतं? माझा आवाज जात नव्हता. टाळी गेली नव्हती.

आणि मग मला आठवलं, इथून काय गेलं होतं.

पहिल्या फेरीत मी दोरांपाशी उभी होते, खुर्ची रिकामी होती, आणि तरी दादाने ऐकलं होतं, कुणीतरी ती गदागदा हलवतंय. आम्ही किती हसलो होतो! पन्नास कारणं असतात, असं मी मनाशी म्हटलं होतं. तेव्हा त्या खुर्चीत कोण होतं, कुणाला हाका मारत होतं, ते मी विचारलंसुद्धा नव्हतं.

मी खुर्चीत बसले. दोन्ही हातांनी ती धरली आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं लावून हलवायला लागले. करकर, करकर, करकर. बोटांची सालं निघाली. पडद्यावर कंस बंद व्हायला एकच अक्षर राहिलं होतं आणि कर्सर तिथे लुकलुकत थांबला. खाली लॉबीत एकदम शांत झालं. लिफ्टचं दार उघडं होतं, आतला स्पीकर चालू होता. ते ऐकत होते. माझा दादा ऐकत होता! मी रडत होते आणि हसत होते आणि खुर्ची हलवत होते.

"ए," दादा म्हणाला. "तुझी म्हातारी ऐकू येतेय बघ. वर कुणी नाही, तरी कशी गदागदा करतेय."

आणि ती हसली. मनापासून, अगदी मी हसले होते तशी.